मला मोकळं वाटत नाही

१५ सप्टेंबर १९९१, रविवार

सभेहून आले ती इतकी चिडून, की अंगातला कोट न काढताच चहा टाकला.

तासभर मुकाट बसायचं, हीच आमची उपासना. पाद्री नाही, गाणं नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. ज्याला आतून हाक येईल त्याने उठून बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं. एलवुडशी लग्न करून मी या क्वेकर पंथात आले तेव्हा आई म्हणाली होती, "बर्नी, नन्सच्या हाताखाली शिकलेली मुलगी तू, आणि आता जन्मभर भिंतीकडे बघत बसणार?" बसले. एलवुड गेला, तरी बसतेच आहे.

पण आज त्या शांततेत कोणीतरी टकटक करत होतं. बाकाच्या लाकडावर, बोटाच्या पेराने, दोनदा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा दोनदा. लिडिया पेनॉकने सोबत आणलेला नवा माणूस होता तो. पन्नाशीचा, खांदे पडलेला, डोळे मिटून बसलेला. शेवटी टॉमस हूप्सने आपली काठी फरशीवर एकदा आपटली आणि टकटक थांबली. म्हाताऱ्याचा उर्मटपणा मला नवा नाही. फ्रेंड्सच्या, म्हणजे आम्हा क्वेकरांच्याच वृद्धाश्रमातून येतो, दाराजवळची जागा कधी सोडत नाही, आणि कडाक्याच्या थंडीतही दार बोटभर उघडं ठेवतो. आमच्या पाठी आखडेनात का!

कॉफीच्या वेळी लिडियाने ओळख करून दिली. वेंडेल क्रम. राज्याच्या तुरुंगातून पॅरोलवर सुटलेला. आतली बरीच वर्षं एकट्याच्या कोठडीत गेली. लिडिया त्याला तिथे भेटायला जायची.

"वेंडेल, तुला आमची शांतता कशी वाटली?" रेचल मेंडेनहॉलने विचारलं. रेचल आमच्या सभेची चिटणीस. तिचा आवाज नेहमी लोकरीत गुंडाळलेला असतो.

"ओळखीची," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. मी हसले. मग तो माझ्याकडे वळला.

"तुम्ही लोक सगळ्यांनाच तू म्हणता?"

"तीनशे वर्षं झाली. देवापुढे सगळे सारखे, म्हणून. न्यायाधीशालासुद्धा तूच."

"आत गार्डही मला तूच म्हणायचे, बाई. त्यांना देव आठवत नसावा."

माणूस मला आवडला.

१८ सप्टेंबर

आमचं सभाघर अडीचशे वर्षांचं झालं, म्हणून गावच्या इतिहासवाल्यांनी मला भाषण करायला सांगितलं आहे. विषय: क्वेकरांनी देशाला काय दिलं? आयुष्यभर हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवल्याची ही शिक्षा.

सुरुवात टोपीपासून केली. श्रीमंतापुढे, न्यायाधीशापुढे, कोणापुढेच टोपी काढणार नाही म्हणून तुरुंगात गेलेली माणसं. शपथेला नकार, कारण रोज खरं बोलणाऱ्याला वेगळी शपथ कशाला? बंदुकीला नकार. बायकांनी उठून बोलायची मुभा. सगळं सरकार एका बाजूला असलं तरी एकट्या माणसाचा विवेक दुसऱ्या बाजूला उभा राहू शकतो, ही गोष्ट आज राज्यघटनांमध्ये लिहितात. ती घडवणाऱ्यांतले काही जण असल्याच टणक बाकांवर बसत होते.

मग तुरुंगापाशी अडले. कारण एकांतवासाची कोठडी हीही आमच्याच डोक्यातून निघाली. त्याआधी फटके होते, फास होता, चोर-खुनी-पोरंसोरं एकाच घाणीत कोंडलेली होती. आमच्या दयाळू पूर्वजांनी ठरवलं, माणसाला एकटं ठेवा. छताला एक झरोका, हातात बायबल, आणि शांतता. त्या शांततेत त्याला आतला प्रकाश दिसेल, आपल्याला दिसतो तसा. फरक इतकाच, की आपण तासाभराने उठून कॉफी प्यायला जातो.

हे शेवटचं वाक्य ठेवावं की नाही, कळेना.

संध्याकाळी लिडियाचा फोन. वेंडेल सरकारी वसतिगृहात आहे, तिथली मुदत नोव्हेंबरअखेर संपते. तोवर पॅरोलवाल्यांनी मंजूर केलेला पत्ता मिळाला नाही, तर परत आत. लिडियाची एकच खोली, शिवाय तुरुंगभेटीला जाणाऱ्यांनी कैद्याला घरी ठेवायला मनाई. रेचलच्या घरी मुलगी, जावई, नातवंडं. तेव्हा तिच्या मनात दफनभूमीजवळचं दगडी घर आहे. राखणदार वारल्यापासून ते मोकळंच पडलंय.

मी म्हटलं, "यात विचारायचं काय? माणूस बेघर आहे आणि जागा रिकामी आहे. रिकाम्या खोलीला कुलूप लावून देवाचं नाव घेणारे लोक मला नवे नाहीत. कॉन्व्हेंटमध्ये पुष्कळ पाहिलेत."

मागच्या खोलीच्या खिडकीची फळी वाऱ्याने आपटते आहे. एलवुड गेल्यापासून ती खोली उघडलेली नाही. फळी कुणाकडून तरी बसवून घ्यायला हवी.

५ ऑक्टोबर, शनिवार

फळी वेंडेलने बसवली. लिडियाने सकाळी त्याला इथे सोडलं. शिडीवर चढून बाहेरूनच काम केलं. आत यायला त्याने तीनदा परवानगी विचारली आणि आल्यावर स्वयंपाकघरात पाठ भिंतीला लावून उभा राहिला.

"बस की."

"सवय नाही, बाई. बसल्यावर पाठीमागे कोण येतं ते दिसत नाही."

मी सूप दिलं. त्याने ते उभ्यानेच संपवलं. मग मी विचारलं, सभेत ती टकटक कसली?

"कळलं होय? माफ करा. आपोआप होतं." भिंतीवर त्याने दोनदा ठोकून दाखवलं. "आतली भाषा. दोनदा म्हणजे 'कोणी आहे का?' आणि पलीकडून एकदा आलं, की 'आहे.' बस, एवढंच. बातमी नाही, गप्पा नाहीत. शेजारच्या कोठडीतल्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही, पण त्याचा तो एक ठोका ऐकल्याशिवाय मला झोप लागायची नाही."

"मग?"

"मग एके दिवशी त्याने उत्तर दिलं नाही. मी विचारतच राहिलो. अजून विचारतो, असं दिसतंय."

मला उगाच आमच्या शाळेतलं चादरींचं कपाट आठवलं. सिस्टर युलालिया बडबड्या मुलींना त्यात कोंडायची. मी आतून दार ठोकत राहायचे आणि बाहेरून मुली प्रार्थना म्हणत ओळीने निघून जायच्या. पण हे त्याला सांगितलं नाही. उगाच रडकथा कशाला?

जाताना अंगणातून त्याने मागच्या खिडकीकडे पाहिलं.

"ही खोली कोणाची?"

"कोणाची नाही."

"उजेड चांगला येतो," तो म्हणाला आणि शिडी उचलून जागेवर ठेवायला गेला.

१३ ऑक्टोबर, रविवार

कारभाराची सभा. रक्त उकळतंय.

आमच्यात मतदान नसतं. सगळे बोलतात, गप्प बसतात, पुन्हा बोलतात, आणि सभेचं मन कुठे वळलं आहे ते चिटणीस ओळखते. एकानेही "मला मोकळं वाटत नाही" म्हटलं की गाडी थांबते. मुलांना मी हे कौतुकाने शिकवत असे. पन्नास जणांना एक माणूस थांबवू शकतो, कारण कोण जाणे, प्रकाश त्या एकालाच दिसला असेल.

आज तो एक म्हणजे टॉमस हूप्स.

लिडियाने दगडी घराचं मांडलं. सगळ्यांच्या माना हलल्या. रेचलने लिहायला पेन उचललं. आणि दाराजवळून आवाज आला, "त्या घरात एकट्या माणसाला ठेवायला मला मोकळं वाटत नाही."

कोणी का म्हणून विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत. मी उठले.

"टॉमस, तुझ्या मोकळेपणापायी एक माणूस पुन्हा कोंडला जाईल."

"बर्नडेट, मी माणसाला नको म्हटलेलं नाही."

"मग कोणाला म्हटलंस? घराला?"

त्याने दाराच्या फटीकडे पाहिलं. "त्या घराला एकच खिडकी आहे," तो म्हणाला.

"मग दुसरी पाडून देऊ! दगड मी उचलते."

दोघंतिघं हसले. रेचलने शांततेची विनंती केली, म्हणजे मला गप्प बसवलं. विषय पुढच्या महिन्यावर. एक खिडकी म्हणे! गोऱ्यागोमट्या म्हाताऱ्यांना तुरुंगातला माणूस आपल्या कबरींजवळ नको असतो, तेव्हा त्यांना खिडक्या मोजता येतात.

मी चिटणीस असते तर सरळ मत घेतलं असतं. पाच मिनिटांचं काम.

२० ऑक्टोबर

दुपारी रेचल आली. सफरचंदाचा मुरंबा घेऊन. मुरंबा घेऊन येणारा क्वेकर कधी नुसता येत नाही.

बसली. चहा निवला तरी बोलेना. मग म्हणाली, "घर शांत आहे तुझं. मोठंही."

"एलवुडच्या वडिलांनी बांधलं. त्यांना सहा मुलं होती."

"मागे एक खोली आहे ना?"

"आहे. बंद असते."

रेचलने मुरंब्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

"बर्नडेट, वेंडेलच्या बाबतीत तुझ्या मनात अजून काही उमटतंय का?"

"उमटायचं होतं ते मी सभेत बोलले. सगळ्यांनी ऐकलं."

"हो, ऐकलं." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "मी थांबेन."

थांबेन! मला कळत नाही होय? घरी येऊन गोड शब्दांत बोलक्या माणसाचं तोंड बंद करणं, ही या लोकांची जुनी रीत. युलालिया निदान सरळ कपाटात कोंडायची. ठीक आहे. पुढच्या सभेत माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही. मग कळेल त्यांना.

मुरंबा चांगला आहे. तेवढं मान्य.

२७ ऑक्टोबर

भाषण झालं. ते वाक्य ठेवलं. कॉफीपाशी आले तेव्हा सभाघरात कोणी खोकलंसुद्धा नाही. इतिहासवाल्यांच्या अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानायला सुरुवात केली, तर मागून वेंडेल उठला.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"हे ज्यांनी काढलं ते चांगले लोक होते, असं तुम्ही म्हणालात. त्यांच्यापैकी कोणी आत राहून पाहिलं होतं का? एक रात्र?"

इतकी पुस्तकं वाचली, पण हा प्रश्न कधी पडला नाही. "माहीत नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात टॉमस उठला आणि काठी टेकत बाहेर निघून गेला. दार सताड उघडं टाकून. लाज वाटत नाही. मी खिडकीतून पाहिलं, तर दगडी घराच्या दारात उभा होता. आत गेला नाही. चौकटीवर हात ठेवून उभा राहिला आणि परत फिरला.

खिडक्या मोजायला गेला असेल.

३ नोव्हेंबर

मागच्या खोलीतून टकटक आली. दोनदा. वेंडेलने बसवलेली फळी मी बाहेर जाऊन हलवून पाहिली. घट्ट आहे. वाराही नव्हता.

जुनं घर आहे. लाकूड आखडतं.

१० नोव्हेंबर, रविवार

ठरवल्याप्रमाणे एक शब्द बोलले नाही.

वेंडेलचा विषय निघाला. लिडियाने मुदत सांगितली. टॉमस म्हणाला, "दगडी घराविषयी मी होतो तिथेच आहे." मग म्हणाला, "माणसाला भिंतीपलीकडे माणूस लागतो." आणि बसला. दगडी घरात एकटा म्हणून नको, आणि सोबत द्यायला कोणी नाही. छान. दोन्ही बाजूंनी दार बंद.

मग शांतता झाली. अशी शांतता मी या सभेत कधी पाहिली नाही. रेचलचं पेन टेबलावर पडलेलं. लिडियाने ओंजळीत तोंड घातलेलं. सगळे कशाची तरी वाट बघत होते. एकदा वर पाहिलं तर टॉमस थेट माझ्याकडे बघत होता. मीही डोळे खाली घेतले नाहीत. बघ म्हटलं, आता कशी गप्प बसते.

मांडीखालचं लाकूड गार पडलं होतं. भिंतीतून दोन ठोके आल्यासारखे वाटले. वेंडेल तर आज आलाच नव्हता.

अखेर रेचलने ठराव वाचला. 'सभेला मार्ग दिसलेला नाही. आपण वाट पाहत आहोत.' तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "फ्रेंड्स, हे आपलं मन आहे का?"

कोणी बोललं नाही. म्हणजे होकार. माझाही त्यात धरला गेला.

१ डिसेंबर

काल वेंडेलला परत नेलं. लिडिया वसतिगृहाच्या दारात होती. म्हणाली, तो भांडला नाही, रडला नाही. गाडीत बसण्याआधी त्याने माझंच विचारलं, "यार्नल बाईंची फळी पुन्हा सुटली नाही ना?"

मी जेवले नाही.

आज सभेत वेंडेलच्या बाकावर कोणी बसलं नाही. अर्धा तास झाला असेल. दोन ठोके. मी मान वळवली नाही, पण शेजारच्या बाईने वळवली. म्हणजे ते मला एकटीलाच ऐकू आले नाहीत. सगळ्या हातांकडे बघितलं. सगळे मांडीवर.

आणि टॉमसने काठी आपटली. एकदा.

४ डिसेंबर

टॉमस आला. चालत. वृद्धाश्रमापासून इतकं अंतर, या बर्फात. मी दारातच उभी राहिले.

"आता कशाला आलास? ठराव झाला ना तुझ्या मनासारखा?"

"आत येऊ?"

स्वयंपाकघरात त्याने पाठ भिंतीला लावली. मी खुर्ची पुढे केली, तर मानेने नको म्हणाला. वेंडेलही असाच उभा राहिला होता.

"टॉमस," मी म्हटलं, "ती काठी तू चिडून आपटत नव्हतास."

"नाही."

"तुला ती भाषा कुठून येते?"

"दुसऱ्या महायुद्धात. मी सैन्यभरतीसाठी नाव नोंदवायला नकार दिला. बंदूकच काय, कागदसुद्धा नको म्हटलं. तुरुंगातही त्यांचं काम करेना, तेव्हा एकट्याला ठेवलं." तो अगदी सपाट आवाजात बोलत होता. "एकच खिडकी होती. त्या दगडी घराला आहे तशीच, तेवढ्याच उंचीवर."

एलवुड त्याच्याबरोबर शाळेत होता. एलवुडनेही कधी सांगितलं नाही. ही माणसं!

"मग सभेत बोलायला काय झालं होतं तुला?"

"दोनदा उठलो. शब्द येईनात."

"आणि माझ्याकडे बघत काय बसला होतास?"

त्याने मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. मुरंबा, मोठं घर, 'मी थांबेन', ती सगळी शांतता. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

"तुम्ही सगळे," मी ओरडलेच, "तुम्ही सगळे माझी वाट बघत होतात? अरे, मग विचारायला जीभ झडली होती का तुमची? एक वाक्य! बर्नडेट, तुझी खोली दे. शाळेतलं पोर विचारतं, पेन्सिल दे!"

"आम्ही विचारलं असतं तर तू दिली असतीस. पण मग ते आमचं झालं असतं, तुझं नाही. आतून यायला हवं."

"आतून! आतून यायची वाट बघता बघता तो आत गेला, टॉमस!"

"हो," तो म्हणाला. "मला रात्री तेच ऐकू येतं."

मग मात्र तो खुर्चीवर बसला. मी चहा केला. दोघांनीही प्यायला नाही.

१० डिसेंबर

पॅरोलच्या कचेरीत गेले. काउंटरवरच्या बाईने अर्ज दिला. त्यावर 'मी शपथपूर्वक सांगते' असं छापलेलं. मी ते खोडलं.

"मॅडम, असं खोडता येत नाही."

"येतं. आमच्या लोकांनी त्यासाठी तुरुंग भोगलाय. 'मी सांगते' एवढं पुरे आहे."

तिने साहेबाला विचारलं. चालतं, असं निघालं. पत्त्याच्या रकान्यात माझा पत्ता लिहिला. नातं काय, असा पुढचा रकाना होता. तिथे अडले. शेवटी 'शेजारी' लिहिलं.

घराची तपासणी, मग मंडळाची बैठक, मग बघू, म्हणाली. वसंत ऋतूपर्यंत, कदाचित. मी विचारलं, तोवर तो कुठे असेल?

"वॉर्डात जागा नाही, म्हणून सध्या एकट्याच्या कोठडीत. तात्पुरतं."

१५ डिसेंबर, रविवार

सभेत उठून बोलले. "वेंडेल माझ्या घरी राहील. सोडतील तेव्हा." पुढे पुष्कळ सुनवायचं ठरवलं होतं. बसले. रेचलने लिहून घेतलं आणि विचारलं, हे आपलं मन आहे का? सगळ्यांनी 'हो' म्हटलं. मोठ्याने. उशिरा म्हटलेलं 'हो' फार मोठं ऐकू येतं.

दुपारी टॉमसला घेऊन आले. मागची खोली उघडली. एलवुडचे बियाण्यांचे डबे, त्याचे बूट, खुंटीवर कोट. कोंदट वास होता, पण वेंडेल म्हणाला होता ते खरं. उजेड चांगला येतो. बूट आणि कोट मी बाहेर आणले. वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. खोटं कशाला लिहू, गेलं.

टॉमसने खिशातून पेचकस काढला आणि दाराच्या बिजागऱ्या सोडवायला लागला.

"हे काय करतोस?"

"त्याला दार लागणार नाही."

मला हात लावू देईना. दार निघालं. आम्ही दोघांनी ते उचलून गोठ्यातल्या भिंतीला लावून ठेवलं. परत येऊन तो पलंगाच्या कडेवर बसला, मी उंबऱ्यात उभी राहिले. बाहेर बर्फ होतं, वारा नव्हता.

दोन ठोके आले. खिडकीच्या बाजूच्या भिंतीतून.

मी टॉमसच्या हातांकडे पाहिलं. एका हातात पेचकस, दुसऱ्यात बिजागरी. त्यानेही ऐकलं होतं. त्याची काठी पलीकडे स्वयंपाकघरात राहिली होती.

"टॉमस, उत्तर दे ना."

त्याने मान हलवली. "मी नाही," तो म्हणाला. "खोली तुझी आहे."

पुन्हा दोन ठोके.

मी भिंतीपाशी गेले आणि एकदा ठोकलं.